मुलांसाठी लॅपटॉप : हलका घ्यावा की दमदार?



बारावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांच्या फोनवर दोन प्रश्न सुरू होतात. पहिला, "कोणती शाखा घ्यावी?" आणि पहिल्याचं उत्तर मिळायच्या आधीच दुसरा, "मॅडम, लॅपटॉप कोणता घेऊ?" या दुसऱ्या प्रश्नाबरोबर बहुतेक वेळा दोन फोटो येतात. एक पातळ, चंदेरी, हलका. दुसरा काळा, जाडजूड, कीबोर्डखाली रंगीत दिवे लागणारा. किंमत जवळपास सारखीच. आणि खाली एक ओळ असते, "दुकानदार म्हणतोय, तेवढ्याच पैशात दुसरा डबल पॉवरफुल आहे."

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. ज्या मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप रोज पाठीवरून न्यायचा आहे, त्यांच्यासाठी हलका घ्या. दमदार यंत्र तेव्हाच घ्या, जेव्हा त्या अभ्यासक्रमातलं एखादं सॉफ्टवेअर, अगदी नावानिशी, ते मागत असेल. "असू दे, पुढे लागेल" हे कारण मला पुरेसं वाटत नाही. का, ते आता सविस्तर बघू.

आधी वजनाचं बोलू, कारण दुकानात त्याबद्दल कुणीच बोलत नाही. तेरा-चौदा इंची हलका लॅपटॉप साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो आणि त्याचा चार्जर पाव किलोच्या आसपास. ग्राफिक्स कार्ड असलेला साडेपंधरा इंची दमदार लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा. त्याचा चार्जर म्हणजे अक्षरशः वीट असते, वायरीसकट अर्धा-पाऊण किलो भरते. म्हणजे एकाचं सामान दीड किलो आणि दुसऱ्याचं तीन किलो. फरक दीड किलोचा. ऐकायला काही वाटत नाही ना? मग दीड लिटर पाण्याची भरलेली बाटली जास्तीची म्हणून दप्तरात टाका आणि एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंत चालून बघा. उभ्याने प्रवास, मग रिक्षा, मग तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग.

शाळेच्या दप्तराच्या ओझ्यावर आपण सगळे किती बोललो आहोत. केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीने पहिली ते दहावीच्या मुलांसाठी दप्तर शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं सांगितलं. हा नियम कॉलेजला लागू नाही, हे खरं. पण पाठीचा कणा दहावी झाल्यावर काही बदलत नाही! पंचेचाळीस किलोच्या मुलीचा हिशेब करा. दहा टक्के म्हणजे साडेचार किलो. त्यातले तीन किलो एकट्या लॅपटॉपने खाल्ले तर उरलेल्या दीड किलोत डबा, पाण्याची बाटली, जर्नल, छत्री आणि रिकामी सॅक हे सगळं बसवायचं आहे. बसत नाही.

मग काय होतं? मुलं काही तक्रार करत नाहीत. ती लॅपटॉप नेणं बंद करतात. माझे बरेच माजी विद्यार्थी इंजिनिअरिंगला आहेत, सुट्टीत भेटायला येतात तेव्हा गप्पा होतात. पहिले पंधरा दिवस हौसेने नेला, मग आठवड्यातून एकदा, मग तो रूमवरच. वर्गात सरांनी एखादा प्रोग्रॅम लिहून दाखवला तर हे वहीत उतरवून घेतात आणि "रात्री करून बघू" म्हणतात. लायब्ररीत दोन तास मोकळे मिळाले तर मोबाईल काढतात. सत्तर हजार खर्चून आपण टेबलावरून न हलणारं यंत्र घेतलं असेल, तर त्याच पैशात त्याहून जास्त ताकदीचा आणि गावातल्या दुकानात दुरुस्त होणारा डेस्कटॉप आला असता. लॅपटॉपसाठी आपण जास्तीचे पैसे देतो ते तो उचलता यावा म्हणूनच ना?

आता त्या "डबल पॉवर"चं बघू. यात एक बारकी गोष्ट आहे आणि ती बॉक्सवर लिहिलेली नसते. ग्राफिक्स कार्डवाल्या लॅपटॉपची पूर्ण ताकद फक्त प्लगजवळ मिळते. त्याचा चार्जर १८० वॉटपासून २४० वॉटपर्यंतचा असतो. एवढी वीज बॅटरी देऊच शकत नाही. त्यामुळे वायर काढली की यंत्र आपोआप स्वतःचा वेग कमी करतं, आणि तरीही साध्या लिहिण्या-वाचण्याच्या कामात तीन-चार तासांत मान टाकतं. उलट हलका लॅपटॉप अशा कामाला सहा-आठ वॉटवर चालतो, पन्नास-पंचावन्न वॉट-तासांची बॅटरी त्याला सहा-सात तास पुरते. आपल्याकडे कॉलेजच्या वर्गात साठ मुलं आणि भिंतीवर दोन प्लग, त्यातला एक बंद. होस्टेलच्या खोलीत तिघांत एक मल्टिप्लग. गावाकडे घरी आलं की दुपारची वीज जाते, आणि घरातल्या इन्व्हर्टरवर पंखा-दिवे चालवायचे की २४० वॉटचा चार्जर, असा प्रश्न पडतो. बॅटरी हा आपल्यासाठी चैनीचा विषय नाही, रोजच्या गरजेचा आहे.

"हलका म्हणजे कमजोर" ही समजूत आली कुठून, तेही सांगते. ती एके काळी खरीच होती. २००८ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला तेव्हा सगळे थक्क झाले. वजन १.३६ किलो. पण तो होता मंद, महाग, आणि यूएसबीचं भोक एकच! पुढे २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुक नावाने पातळ लॅपटॉप पुढे आणले, तरी वर्षानुवर्षं पातळ म्हणजे तडजोड असंच चित्र होतं. मग कमी विजेत जास्त काम करणारे प्रोसेसर येत गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम-वन चिपचा एअर काढला, त्यात तर पंखाच नव्हता, आणि तरी तो अनेक जाडजूड लॅपटॉपना मागे टाकत होता. इंटेल आणि एएमडीच्या चिपही तेव्हापासून बऱ्याच सुधारल्या. आज अभ्यासाच्या बहुतेक कामांना हलका लॅपटॉप कमी पडत नाही. आपल्या मनातली तुलना मात्र अजून पंधरा वर्षं जुनी आहे.

"आय सेव्हन आहे का?" हा प्रश्न तर विचारूच नका, म्हणजे एकटा विचारू नका. चार-पाच वर्षांपूर्वीच्या आय सेव्हनपेक्षा आजचा आय फाइव्ह अनेकदा वेगवान असतो. मॉडेल नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. यू असेल तर चिप कमी विजेवर चालणारी, एच असेल तर जास्त वीज घेऊन जास्त काम करणारी, एचएक्स असेल तर त्याहून भारी. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर चालवलेलं असतं आणि दुसऱ्यात ११५ वॉटवर. नाव तेच, काम वेगळं. तेव्हा नुसत्या नावावर भुलून दहा हजार जास्त देऊ नका.

आणि "तेवढ्याच पैशात डबल" हे शक्य कसं होतं, याचाही विचार करा. कंपनी काही दानधर्म करत नाही. ग्राफिक्स कार्डावर खर्च झालेला पैसा कुठून तरी वाचवलेला असतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये तो बहुतेक वेळा स्क्रीनमधून वाचवतात. फिके रंग, कमी उजेड. मुलं दिवसाचे सहा-सात तास जिच्याकडे बघणार ती स्क्रीनच हलकी! दुकानात दिव्यांच्या झगमगाटात हे कळत नाही. लॅपटॉप उचलून दुकानाच्या दाराशी, उजेडात न्या आणि त्यावर एक मराठी पीडीएफ उघडून वाचून बघा. वेलांट्या-उकार नीट दिसले पाहिजेत.

आता शाखेनुसार बोलू, कारण खरं उत्तर तिथेच आहे.

कला, वाणिज्य, विधी, बीएड, नर्सिंग, साधं बीएस्सी, स्पर्धा परीक्षा. इथे प्रश्नच नाही, हलका. टॅली, एक्सेल, वर्ड, ऑनलाइन तास, नोट्स. फक्त वाणिज्यवाल्यांनी मॅकबुकच्या मोहात पडताना लक्षात ठेवावं की टॅली विंडोजसाठी आहे.

कॉम्प्युटर आणि आयटी. इथे पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर होणार म्हणजे कॉम्प्युटर मोठा हवा! अहो, सी, जावा, पायथन शिकायला लागणारे प्रोग्रॅम इतके छोटे असतात की जुन्या यंत्रावरही पळतात. इथे लागते ती रॅम, सोळा जीबी, कारण अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझरचे वीस टॅब आणि एखादं व्हर्च्युअल मशीन एकदम उघडं असतं. "पण एआय-एमएल आहे ना, त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं." लागतं, पण शिकताना ते स्वतःच्या पाठीवर असायची गरज नाही. गूगल कोलॅबसारख्या सोयीत ब्राउझर उघडून, काही मर्यादेपर्यंत फुकट, दूरवरच्या सर्व्हरचं कार्ड वापरता येतं. मोठी मॉडेल्स तर नोकरीतही कुणी लॅपटॉपवर घडवत नाही.

मेकॅनिकल आणि सिव्हिल. ऑटोकॅडची साधी द्विमितीय ड्रॉइंग, सॉलिडवर्क्समधले सुटे भाग, स्टॅड-प्रोची छोटी उदाहरणं, हे सगळं सोळा जीबी रॅमच्या चांगल्या हलक्या लॅपटॉपवर होतं. मोठ्या असेंब्ली आणि ॲन्सिसचं विश्लेषण आलं की धाप लागते. ते काम कॉलेजच्या लॅबमध्ये करता येतं, फी भरतोच आहोत आपण! पण कॉलेज लॅब संध्याकाळी पाचला कुलूप लावत असेल तर हिशेब बदलतो, ते विचारून घ्या. आणि हो, सॉलिडवर्क्स, रेव्हिट ही मॅकवर थेट चालत नाहीत.

आर्किटेक्चर, ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेम डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग. इथे मी बाजू बदलते. लुमियनसारख्या सॉफ्टवेअरला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतंच, त्यावाचून ते कामाचं नाही. ब्लेंडर, माया, रेव्हिट, आफ्टर इफेक्ट्स हीसुद्धा तशीच खादाड. हलक्या लॅपटॉपमध्ये गरम हवा बाहेर फेकायला जागा नसते, त्यामुळे पाच मिनिटं तो जोरात पळतो आणि मग तापून स्वतःच हळू होतो. रेंडर रात्रभर चालत राहतं आणि सबमिशन सकाळी नऊला असतं. अशा मुलांना नाजूक लॅपटॉप घेऊन देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना दमदारच द्या, शक्य असेल तर घरी किंवा रूमवर कायमचा टेबलावर राहील अशा हिशेबाने द्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, थोडी कडू लागेल. कित्येक घरांत लॅपटॉपची निवड शाखा बघून होत नाही, मूल मुलगा आहे की मुलगी हे बघून होते. मुलगा आयटीला, म्हणजे नुसतं कोडिंग, तरी त्याला ग्राफिक्स कार्ड. मुलगी आर्किटेक्चरला, तर तिला "हलका, छान दिसणारा" आणि वीस हजारांनी स्वस्त. मुलाने हट्ट केला म्हणून मिळतो, मुलीला विचारलंच जात नाही. मी हलक्या लॅपटॉपची बाजू घेते आहे म्हणून हे आवर्जून लिहिते. हलका म्हणजे मुलींचा असं काही नसतं. ज्याला ओझं वाहायचंय त्याला हलका, जिला रेंडर काढायचंय तिला दमदार. तुमच्या घरी दोन मुलं असतील तर दोन्ही बिलं शेजारी ठेवून बघा.

आणि हट्टाचा विषय निघालाच आहे तर गेमचंही बोलून घेऊ. "सर म्हणाले ग्राफिक्स कार्ड लागेल" या वाक्यातले सर कोण, हे एकदा प्रेमाने विचारा. गेम खेळणं काही पाप नाही. घरात ऐपत असेल, मुलाला आवड असेल, तर उघडपणे गेमसाठी म्हणून घ्या, माझी हरकत नाही. पण शैक्षणिक कर्ज काढून, नाहीतर आईची भिशी मोडून घेतलेल्या पैशाला अभ्यासाचं नाव देऊन ते होऊ नये. मुलांनाही याचा आतून ताण येतो, हे शिक्षक म्हणून मी पाहिलं आहे.

"पुढे लागेल" या कारणाकडे पुन्हा येते. तिसऱ्या वर्षी लागेल म्हणून आज घेतलेली ताकद तिसऱ्या वर्षापर्यंत जुनी झालेली असते, बॅटरी खंगलेली असते आणि वॉरंटी तर बहुधा वर्षभरातच संपलेली. पुढचा विचार करायचाच असेल तर रॅमचा करा. पातळ लॅपटॉपची खरी दुखरी नस ती आहे. अनेक मॉडेलमध्ये रॅम मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते, नंतर वाढवताच येत नाही. "आठ घ्या, नंतर वाढवू" असं दुकानदार म्हणाला तर त्याला रॅमचा रिकामा स्लॉट आहे का ते विचारा. स्लॉट नसेल तर आजच सोळाचा घ्या. ॲपलनेसुद्धा २०२४ मध्ये एअरची किमान मेमरी आठवरून सोळा केली, यातून काय ते समजा. एसएसडी ५१२ जीबीची असली की बहुतेकांचं भागतं.

पातळ दिसतो म्हणून हलका असेल असंही समजू नका. "थिन अँड लाइट" असा स्टिकर लावलेले साडेपंधरा इंची लॅपटॉप पावणेदोन किलोपर्यंत भरतात. मुलाची रोजची सॅक दुकानात घेऊन जा, लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आत ठेवा आणि त्याच्या पाठीवर द्या. दुकानदार हसेल. हसू दे.

शिक्षक मित्रांनो, आता आपलं. आपल्याला शालार्थ, यू-डायस प्लस, निकालपत्रकं, पीपीटी, यूट्यूबवरचे व्हिडिओ, अधूनमधून एखादा छोटा शैक्षणिक व्हिडिओ कापणं-जोडणं एवढंच काम. दमदार यंत्राची काही गरज नाही. एकच सूचना. बऱ्याच शाळांतले प्रोजेक्टर जुने आहेत, त्यांना निळ्या टोकाची व्हीजीए वायर लागते, आणि नव्या पातळ लॅपटॉपवर कधीकधी एचडीएमआयसुद्धा नसतं. चार-पाचशे रुपयांचा कन्व्हर्टर पहिल्या दिवशीच घेऊन पिशवीत टाकून ठेवा, नाहीतर वर्गात पन्नास मुलांसमोर वायर हातात धरून उभं राहावं लागतं. आणि पंख्याचा आवाजही ऐकून घ्या. दमदार लॅपटॉपचा पंखा जोरात सुरू झाला की मागच्या बाकावर कवितेची चाल पोहोचत नाही.

राहता राहिलं, केव्हा घ्यायचा. निकालाच्या आठवड्यात मुळीच नको. इंजिनिअरिंगची कॅप फेरी एकामागून एक चालते, आज मेकॅनिकल मिळालेली जागा पुढच्या फेरीत कॉम्प्युटर होते आणि कॉलेजचं शहरही बदलतं. शाखा पक्की नाही, रोजचा प्रवास किती ते माहीत नाही, आणि आपण यंत्र आधीच घेऊन बसलेलो. शिवाय पहिल्या वर्षाची सुरुवात सगळ्या शाखांची बरीचशी सारखी असते, तिथे भारी सॉफ्टवेअर येतच नाही. प्रवेश पक्का होऊ द्या. कॉलेज सुरू झालं की महिनाभर मुलाला लॅबवर काढू द्या. विभागाकडून सॉफ्टवेअरची यादी मागून घ्या. मग त्याच शाखेतला तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठा आणि त्याला कंपनी, मॉडेल वगैरे विचारण्याआधी एवढंच विचारा, की आज तुझा लॅपटॉप कॉलेजला आणलास का, आणि नसेल आणला तर का नाही.